डाव्या हाताने जेवणारा गोलकीपर

नोव्हेंबर मध्यावर आला की इथे आखातात आमच्या अल बर्शाच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून उघडायला लागतात. एप्रिलपासून मिटलेल्या. मग कुणाची लसणीची फोडणी, कुणाचं फोनवरचं भांडण, खाली पार्किंगमध्ये आपटणारा चेंडू, सगळं न विचारता आमच्या हॉलमध्ये येऊन बसतं. "आला बाबा सीझन," लिफ्टमध्ये जो तो म्हणतो. मी मान हलवते, पण मनातून पटत नाही. इथल्या थंडीचं मला कधीच खरं वाटलेलं नाही. ती येते तीच मांडीवर पर्स धरून, 'आता निघते, मग निघते' करत बसलेल्या बाईसारखी. अशा बाईचं नक्की काहीतरी काम असतं, आणि ती ते शेवटपर्यंत सांगत नाही.

माझी नात आयरा मात्र या दिवसांची वाट बघत असते. तिच्या कॉलेजच्या मुलींचा फुटबॉलचा सीझन आताच सुरू होतो. परवा ती सरावाहून आली, बॅग दारातच टाकली आणि थेट फ्रीजकडे गेली. बॅग अर्धी उघडी होती. उघड्या बॅगेवरून नुसतं पुढे निघून जाणं मला या जन्मी जमलेलं नाही. मी वाकले. घामेजलेले मोजे, रबर, संत्र्याची सालं, आणि तळाशी रेतीचा तो कोरडा, पिठासारखा वास.

"दादी! आर यू स्मेलिंग माय बॅग?"

"वास कोण घेतंय? चौकशी करतेय."

"फॉर व्हॉट?"

ते मला सांगता आलं नाही. कारण तोवर मी अल बर्शात राहिलेच नव्हते. त्या वासाने मला उचलून सव्वीस वर्षं मागे, अल कुसैसमध्ये, शारजाच्या हद्दीला लागून असलेल्या एका मैदानाच्या कडेला नेऊन उभं केलं होतं. मैदान म्हणजे मोठा शब्द झाला. एका बाजूला ट्रक उभे करायची जागा, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेलं गोदाम, आणि मधे रेती. तिथे एक बाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली, डोळे बारीक केलेली, ओढणीचं टोक दातात धरून सगळ्या जगाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारी. ती बाई म्हणजे मी. आज तिला बघून मला इतकं हसू येतं, आणि मधूनच तिचे कान उपटावेसे वाटतात.

मी तेव्हा एका छोट्याशा कॉलेजात क्लार्क होते. गालिच्यांच्या दुकानाच्या वर दोन मजले, एवढंच ते कॉलेज. दिवसभर कुठे कुठे राबणारी मुलं संध्याकाळी येऊन मायदेशातल्या एका मुक्त विद्यापीठाची पदवी करायची. प्राचार्यांची केबिन आणि झेरॉक्सचं मशीन यांच्यामध्ये एक पडदा होता. माझं शिक्षण रत्नागिरीच्या कॉलेजात बारावीपर्यंत, पण रुबाब कुलसचिवाचा. माझ्या टेबलावर तीन पेनं असायची. निळं हजेरीसाठी, लाल गैरहजेरीसाठी, आणि हिरवं संशयासाठी. ज्याच्याबद्दल काही खटकलं त्याच्या नावापुढे मी हिरवं टिंब देत असे. तिन्हींत हिरव्याची रिफिल सगळ्यात आधी संपायची.

फुटबॉलशी माझा संबंध आला तोही संशयातूनच. त्या नोव्हेंबरात आमचे हे दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, की पुन्हा दाढी करून अत्तर लावायचे आणि चार वाजता नाहीसे व्हायचे. शुक्रवार म्हणजे तेव्हा इथली सुट्टी. सुट्टीच्या दिवशी स्पेअर पार्टच्या दुकानातला स्टोअरकीपर अत्तर लावून कुठे जातो? विचारलं तर, "जरा मोकळ्या हवेत." तिसऱ्या शुक्रवारी माझी नारिंगी ओढणी कपाटातून गायब झाली. आता मात्र खलास, मी म्हटलं. ओढणी कुणाला दिली असेल त्या बाईचा रंग, उंची, गाव, सगळं मी भांडी घासता घासता ठरवून टाकलं. गाव दापोलीकडचं ठरवलं होतं, का ते अल्ला जाणे. चौथ्या शुक्रवारी मी टॅक्सी करून ह्यांच्या पिकअपमागे गेले.

ओढणी सापडली. तिचे दोन तुकडे करून काठ्यांना बांधले होते आणि त्यातला एक घेऊन आमचे हे रेतीत कडेकडेने आडवे धावत होते. लाइन्समन! आमच्याच कॉलेजच्या टीमचा सामना. मला बघून ते जागच्या जागी थांबले, आणि तेवढ्यात समोरच्या टीमने गोल केला.

"जैबू, तू इथे काय करतेस?"

"मोकळी हवा खायला आले."

लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसाला बायकोपासून लपवायला फुटबॉल सापडावा, याचा मला थोडा अपमानच वाटला. दापोलीची ती बाई मी इतकी मेहनत करून उभी केली होती.

तर तेव्हापासून मी दर शुक्रवारी जाऊ लागले. तेरा मुलांची टीम. पाच-सहा जण केरळचे, दोन पेशावरकडचे, एक श्रीलंकेचा, बाकी आपले. कोच होते कुरियन सर. शिकवायचे अर्थशास्त्र, पण पायात कायम खेळाचे बूट. सहा कॉलेजांची लीग, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. मैदानाच्या रेषा गोदामातून मागून आणलेल्या प्लास्टरच्या भुकटीने आखायच्या. मध्यंतरापर्यंत वारा त्या पुसून टाकायचा, आणि पुढचा अर्धा सामना आमचे हे आठवणीने झेंडा वर करायचे. रेषा वारा पुसतो यावरही माझा विश्वास नव्हता. समोरच्या टीमची पोरं पायाने मिटवतात, असं माझं मत होतं. एकदा मी पूर्ण पंचेचाळीस मिनिटं फक्त त्यांच्या पायांकडे बघत काढली. वाराच होता.

चार वाजताचं ते ऊन मात्र विसरता येत नाही. तिरपं, मधाच्या रंगाचं, आणि त्यात पोरांच्या सावल्या पोरांपेक्षा तिप्पट लांब धावायच्या. धूळ उडायची ती खाली बसायचीच नाही. तिच्यातून कधी एखादा पाय दिसायचा, कधी नुसता ओरडा ऐकू यायचा, "यल्ला यल्ला, मॅन ऑन!" आणि सामना संपला की कुरियन सर पोत्यातून संत्री काढून वाटायचे. तेरा पोरं वाळूत फतकल मारून संत्री सोलायची आणि जिंकलो की हरलो यावर भांडायची, कारण आमचा स्कोअर लिहिणारा मुलगा दर वेळी खेळायलाही उतरायचा.

आयराच्या मैदानावर मी मागच्या वर्षी जाऊन आले. हिरवंगार, खोटं गवत. हजेरी मोबाइलवर लागते. फिजिओ म्हणून एक मुलगी बर्फाची पेटी घेऊन बसलेली असते, आणि कुणी जरा लंगडलं की धावत जाते. आयराला म्हटलं, "आमच्या वेळी ही बाई असती तर?"

"देन व्हॉट, दादी?"

तर मग सुहेलचं काही झालंच नसतं, मी मनात म्हटलं.

सुहेल आमचा गोलकीपर. श्रीवर्धनजवळच्या एका गावचा, बावीस वर्षांचा, हमरिया फ्री झोनमधल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात मशीनवर कामाला. तिथून कंपनीची बस शारजापर्यंत, मग कुणाची तरी लिफ्ट, आणि सातला पाच मिनिटं कमी असताना माझ्या टेबलापुढे हजर. बीएचं शेवटचं वर्ष. परीक्षेचा फॉर्म भरताना त्याने मला सांगितलं होतं, "खाला, सुपरवायझर म्हणालाय, बीए झालास की ऑफिसात घेतो. यंदा सुटलो तर सुटलो. पुढच्या वर्षी ती जागा राहायची नाही." सांगताना तो इतका खूश होता की मी लगेच हिरवं टिंब दिलं. इतका खूश माणूस काहीतरी लपवत असतो.

रमजानमध्ये महिनाभर सामने बंद होते. ईदनंतर पुन्हा सुरू झाले आणि सुहेल परत आला तो वेगळाच. आधी मिशी होती, आता नाही. आधी आल्या आल्या "खाला, सलाम" म्हणून टेबलावर हात टेकवायचा, आता लांबूनच मान हलवायचा. उजवा हात जॅकेटच्या खिशात. हजेरीपटावर सही करायची तर म्हणायचा, "मागून करतो," आणि मी चहाला गेले की करून जायचा. मी ती सही फॉर्मवरच्या सहीशी लावून बघितली. आधीची गोल, लाडू वळल्यासारखी. आताची म्हणजे कोंबडी कागदावरून चालत गेलेली.

आणि मैदानावर! आधी तो चेंडू छातीशी कवटाळायचा. आता पकडेचना. मुठीने, कोपराने, पायाने, जे जमेल त्याने बाहेर फेकायचा. लोक टाळ्या वाजवायचे. "काय पंच मारतो! स्टाइल आहे त्याची," आमचे हे म्हणायचे.

"गोलकीपर चेंडू पकडत का नाही?" मी विचारलं.

"जैबू, तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

काहीच कळत नव्हतं. पण एवढं कळत होतं की पूर्वी पकडायचा आणि आता पकडत नाही. त्या मैदानावर हे दिसलेली मी एकटी. आणि यातून मी जे अनुमान काढलं ते ऐकून तुम्ही हसाल. हसाच. माझं म्हणणं असं की हा सुहेलच नव्हे. खरा सुहेल ईदला गावी गेला, आणि त्याच्या जागी त्याचाच चेहरा असलेला कुणी चुलतभाऊ आलाय. एकाच्या कागदांवर दुसरा राबतोय असं काहीबाही मी बायकांच्या गप्पांत ऐकलं होतं. खात्री करून घ्यायची एकच रीत मला ठाऊक होती, आमच्याकडे नव्या जावयाचीही तीच करतात: जेवायला बोलवायचं आणि मासा वाढायचा. माणूस कागदपत्रांत खोटं बोलेल, पण बांगड्याचा काटा काढताना कुठे वाढलाय ते लपत नाही.

जुम्म्यानंतर तो आला. मी बांगड्याचं तिखट कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या, कैरीचं लोणचं. तो चटईवर बसला. जॅकेट काढलं नाही.

"काढ की ते. घरात काय थंडी आहे?"

"खाला, जरा कणकण आहे."

"हात धुतलेस?"

"धुतला." एकवचनात म्हणाला. हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

मी ताट पुढे केलं. त्याने डाव्या हाताने चमचा उचलला. डाव्या हाताने! माझ्या घरात, माझ्या भाकरीला! आमचे हे घास तोंडाशी नेता नेता थांबले. सुहेल चमच्याने बांगड्याच्या पोटात खोदत होता, जसं एखादा घाटावरचा पाहुणा पहिल्यांदा मासा बघतो तसं. काटा तसाच तोंडात गेला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"श्रीवर्धनला बांगडा असाच खातात का रे?" मी गोड आवाजात विचारलं.

"खूप छान झालाय, खाला."

"मी चवीचं नाही विचारलं."

तो खाली बघून खात राहिला. अर्धा बांगडा ताटात टाकून उठला. किनाऱ्यावरचं पोर बांगडा टाकून उठतं? तो गेल्यावर आमचे हे म्हणाले, "पोरगा आजारी दिसतो, जैबू."

"आजारी नाही, चोर आहे," मी म्हटलं.

वाचता वाचता तुम्हाला कधीच कळलं असेल त्याला काय झालं होतं. तुम्हाला कळलं, ताटात उरलेल्या बांगड्यालाही कळलं असेल. कळलं नाही ते एकट्या मला, जी त्याच्याकडे महिनाभर डोळ्यांत तेल घालून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना पत्र लिहिलं. शुद्ध मराठीत मसुदा, मग मोडक्या इंग्रजीत नकल. सह्यांचा तपशील, मिशीचा तपशील, चेंडू न पकडण्याचा तपशील. बांगड्याचं कलम तेवढं इंग्रजीत नीट बसेना म्हणून गाळलं. 'सदर इसम हा आपला विद्यार्थी नसावा' असं शेवटचं वाक्य लिहून मी ते दोनदा मोठ्याने वाचलं, इतकं मला आवडलं. त्या वाक्याने काय होणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. टीमचे सगळे सामने रद्द, आणि त्याचं परीक्षेचं हॉल तिकीट रद्द. मला वाटलं, खऱ्याला कशाला भीती?

शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी प्राचार्यांनी सुहेलला केबिनमध्ये बोलावलं. कुरियन सर होते. मी हजेरीपट घेऊन पडद्याशी उभी. प्राचार्यांनी माझं पत्र टेबलावर उघडून ठेवलं, माझ्या नावासकट, आणि कोरा कागद पुढे केला. "साइन करो. तीन बार."

सुहेलने पत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. डाव्या हाताने पेन घेतलं.

"राइट हँड से," प्राचार्य म्हणाले.

त्याने उजवा हात खिशातून काढला. पेन दोन बोटांत धरायचा प्रयत्न केला. पेन निसटून पडलं. त्याने वाकून ते डाव्या हाताने उचललं, पुन्हा उजव्यात ठेवलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा तो वाकला तेव्हा कुरियन सरांनी त्याचं मनगट धरलं आणि हात दिव्याखाली वळवला. मधली दोन बोटं सुजून जांभळी झाली होती आणि टोकाशी अशी वळलेली, जशी बोटं वळत नाहीत.

"कब हुआ?"

"रोज़े में, सर. मशीन में."

"एक महीना? और तू गोल में खडा था?"

सुहेल हळू आवाजात म्हणाला, "कंपनी में मत बताना सर. मशीन से निकाल देंगे, घर भेज देंगे, तो एग्ज़ाम..." मग थांबला आणि म्हणाला, "और अपने पास दूसरा गोलकीपर नहीं है."

पडद्यापलीकडे झेरॉक्सचं मशीन कुणाच्या तरी नोट्स बाहेर टाकत होतं. कुरियन सर माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "मॅडम, ये हमारा ही लडका है."

हाडं वाकडी जुळली होती. डॉक्टरांनी त्याच रात्री ती पुन्हा मोडून बसवली आणि कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. दीड महिना. हमरियाच्या त्या कारखान्यातला फोरमन ह्यांच्या ओळखीचा निघाला. आमचे हे त्याच्याकडे जाऊन बसले, काय बोलले ते मला कधी सांगितलं नाही, पण सुहेलला तोवर गेटवर रजिस्टर लिहायला बसवलं. डाव्या हाताने. घरी येऊन हे मला फक्त एवढंच म्हणाले, "जैबू, तुला सगळं दिसलं. एकदा विचारायचं होतंस."

विचारायचं. मला खरंच सुचलं नव्हतं. मी त्याची मिशी बघितली (डाव्या हाताने कातरता येईना म्हणून त्याने ती उडवली होती, हे मागून कळलं), सही बघितली, खिसा बघितला, त्याच्या ताटातला मासा बघितला. 'तुझ्या हाताला काय झालं रे?' एवढी पाच शब्दांची गोष्ट. मला माहिती हवी होती, आणि ती विचारून मिळाली तर ती मला कमी दर्जाची वाटायची.

शेवटच्या सामन्याला गोलमध्ये आमचा सगळ्यात जाडा बचावपटू उभा केला. सुहेल प्लास्टर गळ्यात अडकवून गोलच्या मागे उभा राहिला आणि नव्वद मिनिटं ओरडत होता. "उजवीकडे सरक! आता बाहेर! अरे पड, पड, झोप त्याच्यावर!" जाडा पोरगा सुहेलच्या आवाजावर पडत होता, झोपत होता. मी शेजारीच होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा सामना बघितला असं म्हणायला हरकत नाही. कुणाच्या पायांकडे बघितलं नाही. आम्ही दोन-शून्यने हरलो, लीगमध्ये सहापैकी पाचवे आलो, आणि पोरांनी जाड्याला उचलायचा प्रयत्न केला. तो काही उचलला गेला नाही.

आता परीक्षा. प्लास्टर निघायच्या आत पेपर होते. विद्यापीठाचा नियम असा की लेखनिक मिळेल, पण तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. आणि सुहेलचे पेपर मराठीत, म्हणजे मराठी लिहिणारा हवा. प्राचार्यांनी यादी काढली. शिक्षक सगळे एमए. विद्यार्थी सगळे त्याच वर्गातले. शिपाई मल्याळी. पडद्याच्या अलीकडे पलीकडे बघत बघत सगळ्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अडाणीपणाला मागणी आली होती.

"तुला चालेल का रे?" मी सुहेलला विचारलं. हे मी विचारलं, लक्षात घ्या. शिकत होते.

"चालेल की, खाला."

वेगळ्या खोलीत आम्हाला बसवलं. दारात एक पर्यवेक्षक. सुहेल डोळे मिटून हळूहळू सांगायचा, मी लिहायची. माझं अक्षर चांगलं, शुद्धलेखन चांगलं. मधे बोलायचं नाही, सुचवायचं नाही, तो म्हणेल ते जसंच्या तसं उतरवायचं. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षाच होती. चार पेपर मी जीभ दातांत धरून काढले. पाचवा भूगोलाचा. सुहेलचा कच्चा विषय. आदल्या दिवशी म्हणाला होता, "खाला, बाकी निघतील. हा एक निघाला की झालं."

त्यात एक प्रश्न होता. सुहेल म्हणाला, "पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ जानेवारी महिन्यात असते."

माझा हात थांबला. जानेवारीत? जानेवारीत मी स्वेटर घालून हजेरी घेते! आणि जुलैत इथे गाडीच्या दाराला हात लावला तर कातडी निघते. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले. पोरगा दमलाय, गोंधळलाय, मी म्हटलं. याच्या हाताचं मी आधीच एवढं केलं, आता याचा भूगोल तरी वाचवू दे. आणि मी लिहिलं: 'जुलै महिन्यात'. ठळक अक्षरात.

घरी येऊन मी मुन्नाचं, म्हणजे आयराच्या बाबाचं, शाळेचं पुस्तक उघडलं. जानेवारी. चित्रासकट.

निकालापर्यंतचे ते दोन महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. एप्रिल तापत गेला, खिडक्या मिटल्या, मैदानातली रेती दुपारी पांढरी दिसायला लागली. मी रोज हिशोब मांडायची: त्या एका चुकीचे किती गुण गेले असतील, तेवढ्यानेच गेला तर ऑफिसातली ती जागा गेली, आणि मशीन पुन्हा, त्याच बोटांनी. पूर्वी मला दुसऱ्यांवर संशय घेताना झोप छान लागायची.

भूगोलात तो दोन गुणांनी सुटला. पेढे घेऊन आला तेव्हा त्याने ते माझ्या हातात उजव्या हाताने ठेवले. बोटं थोडी वाकडीच राहिली, आजही आहेत. ऑफिसात गेला, पुढे कंपनी बदलली, लग्न झालं, आता शारजात दोन मुलींचा बाप आहे, केस पांढरे. दर ईदला फोन करतो. आणि दर ईदला मी ठरवते की आज सांगायचं, आणि शेवयांची गोष्ट काढते.

परवा आयराची बॅग बंद करून तिला दिली, ती बडबडत आत गेली, आणि मी फोन उचलला. ईद नव्हती, काही नव्हतं. सुहेल घाबरला.

"खाला? सगळं खैरियत?"

"खैरियत आहे. तुला एक विचारायचं, नाही, सांगायचंय." आणि मी सांगून टाकलं. जानेवारी, जुलै, स्वेटर, सगळं. एका श्वासात.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "खाला, मी तुमच्या शेजारीच बसलो होतो. तुम्ही जुलै लिहिलंत ते मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोलणार होतो. मग वाटलं, खाला एवढ्या ठामपणे लिहितायत, म्हणजे माझंच चुकत असणार."

"वेडा आहेस का? ज्या बाईने तुझ्याविरुद्ध पत्र लिहिलं, तिच्यावर एवढा भरवसा?"

"म्हणून तर, खाला," तो म्हणाला. "महिनाभर मी तो हात घेऊन फिरलो. मशीनवर, बसमध्ये, मैदानात. काहीतरी बिनसलंय हे एकट्या तुम्हालाच दिसलं होतं. तेवढं नीट माझ्याकडे दुसरं कोण बघत होतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? खाला? आवाज येतोय ना?"

"येतोय," मी म्हटलं. "तू बोल. तुझा हात कसा आहे?"